वर्षभराचं लग्न, म्हणे

भाचीचं लग्न स्कॉटलंडला झालं. फोटो पाहिलेलं प्रत्येक माणूस मला एकच विचारतं, "हात बांधलेत ते ठीक, पण तिकडे म्हणे असं वर्षापुरतंच लग्न लावतात? नाही पटलं तर दोघं मोकळे?" तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

हात बांधायच्या त्या विधीला हँडफास्टिंग म्हणतात. शब्द मुळात जुन्या नॉर्स भाषेतला, अर्थ हातावर हात देऊन सौदा पक्का करणं. (आपल्या बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, त्यातलंच.) स्कॉटलंडमध्ये पूर्वी हा साखरपुडा होता. पण खरी गंमत व्याकरणात. हात हातात घेऊन "मी तुझ्याशी लग्न करीन" म्हटलं तर नुसतं ठरलं. "मी तुला बायको करतो", "मी तुला नवरा करते" म्हटलं की तिथल्या तिथे लग्न लागलं! पाद्री नको, साक्षीदारसुद्धा नको. 'करीन' म्हणून नंतर एकत्र झोपले, तरी नवरा-बायकोच. अशा चोरून लावलेल्या लग्नांना चर्च दंड करी, पण ती मोडू शकत नसे, कारण लग्न लागतं ते दोघांच्या होकाराने, हे चर्चचंच म्हणणं. पुढे एकाने कानावर हात ठेवले की मात्र दुसऱ्याची पंचाईत. इंग्लंडने १७५३ च्या कायद्याने हे बंद केलं. स्कॉटलंडमध्ये अशी लग्नं १९४० पर्यंत कायदेशीर होती. म्हणून तर पळून आलेली इंग्लिश जोडपी सीमेवरच्या ग्रेटना ग्रीनला लोहारापुढे उभी राहत.

वर्षाची मुदत ही प्रवाशांची देणगी. टॉमस पेनंट १७७२ च्या फेरीत ऐकून आला, की पूर्वी ब्लॅक एस्क आणि व्हाइट एस्क नद्यांच्या संगमावर जत्रेत जोड्या जमत, पुढच्या जत्रेपर्यंत एकत्र राहत आणि मग पटलं तर लग्न. वॉल्टर स्कॉटने १८२० मध्ये कादंबरीत 'एक वर्ष आणि एक दिवस' घातलं आणि ते सगळ्यांच्या तोंडी बसलं. १९५८ मध्ये अभ्यासक ए. ई. अँटन यांनी या कथेला आधार नसल्याचं दाखवलं. मला त्यांचं पटतं.

फिती गुंडाळणं तर विसाव्या शतकातल्या नव्या पेगन (ख्रिस्ती धर्माआधीचे निसर्गपूजक पंथ पुन्हा पाळणाऱ्या) मंडळींनी रुजवलं. भाचीकडे एक टार्टनची, म्हणजे स्कॉटिश चौकड्यांच्या कापडाची, पट्टी होती, दुसरी माझ्या आईच्या नऊवारीचा काठ. पट्ट्या मनगटांवरून अशा टाकतात, की दोघांनी एकेक टोक धरून हात मागे घेतले की गाठ आपोआप बसते. पहिल्या खेपेला सगळं सुटूनच आलं. जावयाची आजी खो-खो हसली. दुसऱ्यांदा बसली.

गाठ आता त्यांच्या घरी बरणीत आहे. काठ कापलेलं लुगडं बहिणीने अजून आईला दाखवलेलं नाही.