एकोने दोन तास खाल्ले

काल रात्री सात रस्त्यावरच्या रूमवर पंखा फुल करून बसलो होतो, एको या दिलेले शब्द स्क्रीनवर छापणाऱ्या कमांडच्या सोर्समध्ये (मूळ कोडमध्ये) छोटा बदल केला, कंपाइल केलं, बिल्डचा फोल्डर पाथमध्ये, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत, सगळ्यात पुढं टाकला, तरी आउटपुट जुनंच! एको --व्हर्जन मारलं तर बॅशने (आपण टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या शेलने) तेच शब्द जसेच्या तसे छापले, म्हणजे माझा एको चालतच नव्हता, शेल पाथ बघायच्या आधी स्वतःचा बिल्ट-इन, म्हणजे शेलच्या आतच असलेला एको चालवतंय.

एकोच्या आधी 'कमांड' हा शब्द लावून पाहिलं, पण ते फक्त त्या नावाचं शेल फंक्शन टाळतं, बिल्ट-इन नाही. शेवटी एन्व्ह एको --व्हर्जन मारलं आणि आला की खरा व्हर्जन नंबर. एन्व्ह वेगळा प्रोग्राम आहे ना, त्याला शेलचे बिल्ट-इन माहीतच नसतात. प्रिंटएफ, टेस्ट, किल या कमांडचंही असंच. आधी टाइप -ए एको (त्या नावाचं काय काय आहे ते दाखवणारी कमांड) मारलं असतं तर शेंगाचटणी-भाकरी तरी गरम खाल्ली असती राव.