कर्षिका मोजायच्या, रंग नाही

न्यू जर्सीतल्या आमच्या रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, मैत्रिणीने दिलेला एक छोटा दगड आहे. त्यावरचे हिरवे पॉलिप (प्रवाळाचे इवले, फुलासारखे जीव) आज पहिल्यांदा पूर्ण उमलले. पंप जरा वेळ बंद करून भिंगातून पाहिलं. प्रत्येकाला बरोबर आठ कर्षिका (तोंडाभोवतीचे बोटांसारखे अवयव), कडांना पिसासारखे बारीक धागे, आणि खाली दगडाला चिकटलेला जांभळा, रबरी थर. म्हणजे ग्रीन स्टार पॉलिप, एक मऊ प्रवाळ! इतका आनंद झाला की नवऱ्याला हाक मारून दाखवलं.

ओळखताना लोक रंग बघतात, पण रंगाचा काही भरवसा नसतो. आठ पिसेदार कर्षिका हीच मऊ प्रवाळाची खूण. झोअँथिड हे प्रवाळांचे नातेवाईक दुकानात याच रांगेत ठेवतात, पण त्यांच्या कर्षिका साध्या आणि कितीतरी जास्त असतात. हा फरक जिवावरचा आहे. काही झोअँथिडांमध्ये, विशेषतः पॅलिथोआ या प्रकारात, पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं. त्यांना हातमोजे आणि संरक्षक चष्म्याशिवाय हात लावू नका. आणि त्यांचा दगड उकळत्या पाण्यात तर कधीच टाकू नका, वाफेतूनही विषबाधा होते.

बाकी आमचे ग्रीन स्टार पॉलिप फार गुणी. २५-२६ अंश तापमान, १.०२५ विशिष्ट गुरुत्वाचं खारं पाणी, मध्यम उजेड, खेळता प्रवाह, एवढं पुरतं. पाणी अगदी निर्मळ, नायट्रेट शून्य असलेलं मात्र त्यांना मानवत नाही. पसरतात भराभर, शेजाऱ्यांवरही चढतात. म्हणून तो दगड आज मुख्य खडकापासून दूर, वाळूत वेगळा ठेवला.

कुणाकडे क्लोव्ह पॉलिप, म्हणजे यांचेच आठ कर्षिकांचे भाऊबंद, आहेत का? जवळून काढलेला फोटो टाका ना.