चर्चेनुसार

मंत्रालयात चौतीस वर्षं नोकरी केली म्हटलं की एक प्रश्न हमखास येतो. लग्नाच्या पंगतीत येतो, लोकलमध्ये येतो, परवा दाताच्या डॉक्टरांनीही विचारला. "खरं सांगा मॅडम, राज्य चालवतं कोण? मंत्री की अधिकारी?" विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं, मी नुसती मान डोलवायची असते. माझी भाची एमपीएससीचा अभ्यास करते. तिला मात्र उत्तर खरंच हवं होतं. तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

1985 साली मी लिपिक म्हणून लागले, 2019 ला अवर सचिव म्हणून निवृत्त झाले. खात्याचं नाव सांगत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते सगळ्याच खात्यांत होतं.

आधी नस्ती कशी चालते ते बघा. बाहेर तिला फाइल म्हणतात, आम्ही नस्ती. तिचे दोन भाग: एकीकडे पत्रव्यवहार, दुसरीकडे टिपणी, म्हणजे काय करावं ह्याबद्दलचं लेखी मत. कार्यासनातला, म्हणजे त्या विषयाच्या टेबलावरचा, सहायक टिपणी लिहितो, मग ती कक्ष अधिकारी, अवर सचिव, उप सचिव, सचिव अशी चढत मंत्र्यांपर्यंत जाते. शेवटची सही मंत्र्यांची, म्हणून लोकांना वाटतं निर्णय त्यांचा. पण मंत्री ज्या मजकुराखाली सही करतात तो मजकूर खालून आलेला असतो. कोणता नियम उद्धृत करायचा, कोणता जुना दाखला जोडायचा, कोणता राहू द्यायचा, हे तिसऱ्या-चौथ्या टेबलावर ठरतं. सत्तावीस वर्षांची सहायक असताना मला हे कळलं होतं, आणि कळल्यावर मी थोडी घाबरले होते.

नव्वदच्या दशकातली एक बाई मला आजही आठवते. नवरा शिपाई होता, नोकरीत असतानाच गेला. त्याच्या जागी घरातल्या कुणाला तरी नोकरी मिळावी, असा तिचा अनुकंपा नियुक्तीचा अर्ज आमच्याकडे होता. त्या वेळच्या मंत्र्यांनी तिच्या अर्जावर स्वतःच्या हातानं शेरा लिहिला होता, "सहानुभूतीपूर्वक विचार करून प्रस्ताव सादर करावा." ती त्या कागदाची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन यायची. दुपारी दोननंतर पास मिळायचा, तोवर फाटकाबाहेर रांगेत उभी. तिला वाटायचं, साक्षात मंत्र्यांनी लिहिलंय, आता काय राहिलं?

राहिल्या होत्या त्रुटी. आधी वारस दाखला मागितला. तो आणल्यावर इतर वारसांचं ना-हरकत पत्र. ते आणल्यावर सेवापुस्तकातली एक नोंद साक्षांकित करून. मग प्रतीक्षा यादीचा मुद्दा निघाला. चारही गोष्टी पहिल्याच दिवशी एका पत्रात कळवता आल्या असत्या. कुणी पैसे मागितले नाहीत, कुणाचं तिच्याशी वैर नव्हतं. एकेक त्रुटी काढली की नस्ती आपल्या टेबलावरून हलते, एवढंच. त्यातली दोन पत्रं माझ्या हातची आहेत. दोन वर्षांनी मंत्र्यांचं खातं बदललं आणि त्या शेऱ्यातला जीव गेला. मंत्र्यांनी मनापासून "हो" म्हटलेलं काम कार्यासनानं "नाही" न म्हणता थांबवलं होतं.

म्हणजे सत्ता अधिकाऱ्यांची? भाचीनं तेच विचारलं. मी म्हटलं, थांब, बदली बाकी आहे.

घटनेच्या 311व्या कलमानं सरकारी माणसाला चौकशीशिवाय सहसा कामावरून काढता येत नाही. पण हलवता येतं. मुलांची शाळा, आईवडिलांचं आजारपण, बँकेचे हप्ते, सगळं एका आदेशानं उचलून दुसऱ्या जिल्ह्यात टाकता येतं, आणि हे प्रत्येक अधिकाऱ्याला माहीत असतं. ह्याला आळा बसावा म्हणून आपल्या राज्यानं 2005 साली बदल्यांचा कायदा केला. साधारण तीन वर्षं एका जागी, मध्येच हलवायचं तर कारणं लेखी नोंदवायची. त्याच कायद्यात कुणाही कर्मचाऱ्यानं नस्ती सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त अडवू नये असंही आहे. म्हणजे राजकारण्यांचं हत्यार आणि आमचं हत्यार, दोन्ही एकाच कायद्यात. मला तो कायदा फार मोलाचा वाटतो. हे रोग दोन नाहीत, हे ओळखून तो केलाय.

लोक म्हणतात, राजकारणी नसते तर प्रशासन सुतासारखं सरळ चाललं असतं. मुंबईनं ते करून पाहिलं. 7 मार्च 2022 ला महापालिकेची मुदत संपली, 227 नगरसेवक घरी गेले आणि पुढे साडेतीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक होता. 1888च्या मुंबई महापालिका कायद्यानं तिथे कार्यकारी अधिकार आयुक्तांकडेच असतात, महापौरांचा मान मोठा आणि हात रिकामे. पण खर्चाचे प्रस्ताव नगरसेवकांच्या स्थायी समितीपुढे यायचे, तिथे भांडणं व्हायची, आणि ती भांडणं इतिवृत्तात लिहिली जायची. प्रशासक आल्यावर प्रस्ताव मांडणारे आयुक्त आणि मंजूर करणारे प्रशासक एकच. आयुक्तांना नेमतं राज्य सरकार. राजकारण गेलं नाही, ते सभागृहातून उठून फोनवर गेलं. माझ्या मावसबहिणीच्या गल्लीत पावसाळ्यात गटार तुंबलं तर तिनं जायचं कोणाकडे, हा प्रश्न तेवढा नवीन तयार झाला.

आणि राजकारणी मनावर घेतात तेव्हा काय होतं, तेही ह्याच राज्यात झालंय. 1972च्या दुष्काळात वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. रोजगार हमीची कल्पना त्यांची. मागेल त्याला काम हा माणसाचा हक्क, दया नव्हे, हे कुठल्याही कार्यासनातून सुचलं नसतं. 1977 ला त्याचा कायदा झाला, 1979 पासून अमलात आला. तो गावोगाव चालवला तो मात्र हजेरीपट भरणाऱ्या, खडीचे ढीग मोजणाऱ्या तहसील कचेरीतल्या माणसांनी. वडील तलाठी होते, त्यांना कंदिलाच्या उजेडात कागद काढताना मी पाहिलंय. तेव्हा कोण मोठं हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

सरदार पटेलांनी ऑक्टोबर 1949 मध्ये घटना समितीत सनदी सेवांची बाजू घेताना सांगितलं होतं, की माझा सचिव माझ्या मताविरुद्ध टिपणी लिहू शकतो, आणि ते मोकळेपण मी सगळ्या सचिवांना दिलंय. मी सगळं त्या एका वाक्यावर तोलते. वाद झाला तरी चालेल, तो कागदावर हवा. माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या याचिकेवर 31 ऑक्टोबर 2013 ला सर्वोच्च न्यायालयानंही तेच सांगितलं: तोंडी आदेशावर काम करू नका, आदेश आला तर त्याची नोंद करा.

म्हणून भाचीला मी म्हटलं, मंत्री की अधिकारी असं विचारू नकोस. ज्याला लिहावं लागत नाही त्याच्याकडे सत्ता असते. तो कधी मंत्री असतो, कधी सचिव, कधी मंत्र्यांच्या कार्यालयातला एखादा विशेष कार्य अधिकारी, कधी फोनच्या पलीकडचा कुणी, ज्याच्याकडे पदच नाही.

तिला कळेना. मग मी तिला ते सांगितलं जे घरात कुणालाच सांगितलं नव्हतं.

2005चा कायदा होऊन काही वर्षं झाली होती. मी कक्ष अधिकारी. तालुक्याच्या एका अधिकाऱ्यानं एक देयक, म्हणजे बिल, अडवलं होतं, आणि कागद पाहता बरोबर अडवलं होतं. त्याला त्या जागेवर दीड वर्षही झालं नव्हतं. संध्याकाळी साडेपाचला वरिष्ठांनी बोलावलं. "ह्यांना हलवायचंय. प्रस्ताव आपल्याकडून जाऊ दे." मी म्हटलं, "सर, निर्देश लेखी मिळाले तर बरं." ते चिडले नाहीत. थकल्यासारखे म्हणाले, "असं लिहून कोण देतं, मॅडम?" पाच मिनिटांपूर्वी त्यांनाही कुणीतरी हेच म्हटलं असणार.

मी जागेवर आले आणि टिपणी लिहिली. कारण म्हणून "प्रशासकीय निकड" लिहिलं. सुरुवातीला एक शब्द लिहिला, जो मंत्रालयातल्या हजारो नस्त्यांत सापडेल: "चर्चेनुसार". कोणाशी चर्चा, कधी, कोण काय म्हणालं, काही नाही. आठ दिवसांत आदेश निघाला, महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने.

भाची म्हणाली, "माहितीच्या अधिकारात मागितली तर ती टिपणी मिळेल ना?"

मिळेल. दहा रुपयांचा अर्ज, पानाला दोन रुपये. पहिल्या परिच्छेदाखाली माझी सही आहे, तारखेसकट. बाकी नाव कुणाचंच नाही.