पाण्यावरचं पित्त

रविवारची दुपार. जेवण झालेलं, डोळा लागायच्या बेतात होता आणि मोबाइलवर एक व्हिडिओ समोर आला. इस्तंबूलमधली कुणी बाई पसरट ट्रेमधल्या पाण्यावर रंग शिंपडत होती. ब्रश बोटावर टकटक आपटला की थेंब पडायचे आणि पडल्या पडल्या पसरून रुपयाएवढे व्हायचे. मग तिने एक दाभण घेतली, लाल थेंबात टेकवली, दोनदा वर ओढली, ट्यूलिप तयार! वर कागद अंथरला, हलकेच कडेने ओढून घेतला. फूल कागदावर आणि पाणी पुन्हा कोरं. झोप उडाली ती उडालीच.

याला एब्रू म्हणतात. २०१४ साली युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत घातलंय वगैरे वगैरे. माझं डोकं मात्र भलतीकडेच अडकलं. हे रंग बुडत कसे नाहीत? एकमेकांत मिसळत कसे नाहीत? शोधत गेले तर उत्तर निघालं, पित्त. चक्क बैलाचं पित्त. रंगाच्या वाटीत त्याचे थेंब टाकायचे. कमी पडलं तर रंग तळाला जाऊन बसतो, जास्त झालं तर ट्रेभर हातपाय पसरतो. आणि खरी मेख पुढेच आहे. नंतर टाकायच्या रंगात आधीच्यापेक्षा पित्त थोडं चढंच लागतं, नाहीतर आधीचे रंग त्याला जागाच देत नाहीत.

म्हणजे हे अगदी आमच्या घरासारखंच झालं. मोठी आत्या माहेरीच असायची आणि घरातलं पित्त हे तिचं खातं होतं. सकाळी “आज माझं पित्त उठलंय” असं जाहीर झालं की रेडिओ बंद, तुरीच्या वरणाऐवजी मुगाचं, आणि आम्ही मुलं भिंतीकडेने चालायचो. कपाळावर सुंठेचा लेप, डोक्याला आवळून बांधलेलं फडकं, उशाशी मोरावळ्याची बरणी. सगळं सुरळीत चाललं होतं. मग धाकटी काकू लग्न होऊन आली आणि तिलाही पित्त निघालं.

“वन्सं, मलापण आज पित्तच झालंय.”

“तुझं कसलं पित्त? चहा जास्त झाला असेल.”

काकू काही दिवस गप्प बसली. पण मग तिने असं पित्त काढलं म्हणता, उलट्या, अंधारी, डोळ्यांपुढे काजवे, की आत्याला स्वतःच्या हाताने सुंठ उगाळावी लागली. काकूला घरात जागा मिळाली ती त्या दिवशी.

असो. एब्रूच्या ट्रेमधलं पाणीही साधं नसतं. त्यात एका काटेरी झुडपाचा डिंक भिजवून, फडक्यातून गाळून घेतात. आपल्याकडे उन्हाळ्यात सरबतात घालतात तो गोंद कतिरा याच प्रकारातला. आता बघा, आत्या पोटातली आग शमवायला ज्याचा पेला प्यायची, तेच तिथे खाली, आणि पित्त वर तरंगतंय! ब्रशची दांडी गुलाबाच्या फांदीची, तिला घोड्याच्या शेपटीचे केस दोऱ्याने बांधलेले. एकंदरीत सगळं सामान काष्ठौषधींच्या दुकानात शोभण्यासारखं. आणि खरंच, या कलेतले एक मोठे उस्ताद, मुस्तफा द्युझ्ग्युनमान (१९२०–१९९०), इस्तंबूलच्या उस्क्युदार भागात मसाल्या-औषधींचं दुकानच चालवायचे. त्यांचे गुरू नेज्मेद्दीन ओक्याय तर सुलेखनकार, तिरंदाज, पुस्तकं बांधणारे आणि वर गुलाबांची बाग करणारे. पाण्यावरची ओळखू येतील अशी फुलं त्यांच्या हातून रुळली. बागेतला माणूस रंग घेऊन बसला की दुसरं काय होणार!

पण खरं सांगू? मला ती फुलं विशेष आवडत नाहीत. व्हिडिओत गोड दिसतात, स्कार्फवर छापतात, पर्यटकांना तासाभरात करायला शिकवतात. त्यापेक्षा अठराव्या शतकातले हातिप मेहमेद एफेंदी बरे. इस्तंबूलच्या आयासोफ्या मशिदीत प्रवचन करायचे आणि उरलेल्या वेळात थेंबात थेंब टाकून सुईने त्याची बदामं नि चांदण्या करायचे. १७७३ साली घराला लागलेल्या आगीत ते गेले. ती नक्षी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आपल्या आदिलशाहीतही हे तंत्र पोचलं होतं. मरतुकड्या घोड्यावर बसलेल्या स्वाराचं एक विजापुरी चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्या घोड्याकडे बघून मला ट्यूलिपपेक्षा कितीतरी जास्त आनंद झाला.

आणि सगळ्यांत आवडतो तो बत्ताल नावाचा एब्रूचा प्रकार. सर्वांत जुना, सर्वांत साधा. रंग शिंपडायचे आणि हात मागे घ्यायचा, सुई नाही, फणी नाही. घासून गुळगुळीत केलेल्या दगडासारखं काहीतरी उमटतं. युरोपियनांनी सतराव्या शतकात हा कागद उचलला, तुर्की कागद म्हणूनच, आणि पुस्तकांच्या पुठ्ठ्यांना आतून चिकटवू लागले. आमच्या गावच्या वाचनालयातल्या जाड बांधीव पुस्तकांतही तसला कागद असायचा, छापील नक्कल असणार. मी पुस्तक घरी आणून पहिलं पान उघडायचीच नाही. आतल्या पुठ्ठ्यात नाकं, दाढ्या, एकदा तर पदर घेतलेली बाई सापडली होती. परत करायची तारीख यायची तेव्हा गोष्ट अजून पहिल्याच पानावर.

ती खोड गेली नाही. जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर मी आधी पुठ्ठा उलटते, विक्रेता वैतागतो, मग मी काहीतरी घेतेच. परवा असाच गुळाच्या बाजारभावांचा एक जुनापुराणा अहवाल घेऊन आले. आत अस्सल बत्तालच्या धाटणीचा कागद आहे, निळा आणि विटकरी. गुळाचं काय झालं ते मी वाचणार नाही.