मिन्युएट, दादरा आणि विसावा बार

झाला एकदाचा कार्यक्रम. लेक (वय 9) पियानोवर जी मेजर स्केलमधला मिन्युएट (तीन मात्रांच्या जुन्या युरोपीय नाचाची धून) वाजवणार होती. विसाव्या बारला (बार म्हणजे इथे तीन मात्रांचा एक तुकडा) अडकली, पण पुढे वाजवलं. ते कसं जमलं, हे नोंदवून ठेवते.

ही रचना पुस्तकांत अजूनही जर्मन संगीतकार बाखच्या नावावर छापलेली सापडते. बाखची बायको आना माग्डालेना हिच्या 1725 च्या वहीत ती आहे खरी, पण रचनाकार ड्रेस्डेनचा ऑर्गनवादक क्रिस्टियान पेट्झोल्ड, हे 1970 च्या दशकात उजेडात आलं. हे ऐकल्यावर लेकीनं पुस्तकातलं नाव पेन्सिलीनं खोडलं. माझ्या पियानोच्या क्लासमधल्या इतर मुलांनीही लगेच खोडलं.

पहिले दोन आठवडे वायाच गेले म्हणा. दुसऱ्यांच्या मुलांना मी तेच तेच दहादा सांगते, आवाज चढत नाही. घरी तिसऱ्यांदाच चढतो. शेवटी नियम केला: स्वयंपाकघरातून ‘एफ शार्प!’ (चुकलेला स्वर) असं ओरडायचं नाही.

खरी अडचण लयीची होती. एक-दोन-तीन मोजताना ती दर बारला अडखळायची. मग तबल्याच्या ॲपवर दादरा ताल लावला. धा धिं ना, धा तिं ना. सहा मात्रांत दोन बार बसले, आणि चौथ्या मात्रेवर खाली (बिनजोराची जागा) असल्यामुळे दुसरा बार आपोआप हलका पडू लागला. मला हा जुगाडच वाटत होता. पण मूळ मिन्युएट नाचातला पदन्यासही दोन बारांत, सहा मात्रांतच पुरा होतो! मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 72 ठोक्यांवरून 100 वर न्यायला मग तीन आठवडे पुरले.

दुसरी गोष्ट टिकल्यांची. 1, 9, 17 आणि 25 या बारांवर माझ्या लाल टिकल्या चिकटवल्या. रोज मी आकडा सांगायचा, तिनं तिथून सुरू करायचं. सुरुवातीपासून वाजवायची परवानगी दिवसाला एकदाच. यावर रुसवे-फुगवे भरपूर झाले.

घरी डिजिटल पियानो आहे. हॉलमधला अपराइट (उभा, लाकडी पियानो) पावसाळी हवेनं फुगलेला, काही पट्ट्या दाबल्या की सावकाश वर येत होत्या. तासभर आधी जाऊन वाजवून बघायला हवं होतं. खुर्च्या मांडण्यात राहून गेलं. चूक माझीच. बाक बुटकं निघालं, त्यावर चादरीची घडी घालून भागवलं.

विसाव्या बारमध्ये सी शार्प, बी आणि लगेच पुन्हा सी शार्प येतो. पहिला वाजला, दुसऱ्याला पट्टी वर आलेलीच नव्हती. नुसता ठक्क आवाज. लेकीनं हात उचलले. माझ्या डोक्यात दादरा चालूच होता, एक अख्खं आवर्तन रिकामं गेलं. आणि मग ती थेट 25 वर उतरली, शेवटपर्यंत गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आजीला विचारलं, कसं झालं? म्हणाल्या, “मधे थांबली ना, ते फार आवडलं मला.”

आता त्याच वहीतला जी मायनरचा मिन्युएट घेतलाय, तोही पेट्झोल्डचाच. दोन फ्लॅट (कोमल स्वर) आहेत, डावा हात अजून कच्चा आहे. टिकल्या मात्र तिनं स्वतःच लावून ठेवल्यात. या वेळी विसाव्या बारवरही एक आहे.