तिथे पडलं तर लागलं पाहिजे

रविवार, रात्री उशिरा

आज दुपारी भाचीला सोबत घेऊन जपानी दिग्दर्शक हायाओ मियाझाकींचा ‘स्पिरिटेड अवे’ हा अ‍ॅनिमेशनपट पुन्हा पाहिला. 2001 सालचा चित्रपट, 2003 मध्ये त्याला ऑस्करही मिळालं. त्याच्यावर आजवर भरपूर लिहिलं गेलंय, तरी बॉयलरच्या खोलीतल्या प्रसंगाबद्दल मला लिहायचंच आहे. कल्पनारम्य चित्रपटांबद्दलचं माझं सगळं मत त्या काही मिनिटांत आहे.

काजळीचे इवलेसे जिवंत गोळे डोक्यावर कोळसा घेऊन भट्टीकडे चाललेले असतात. त्यातला एक ओझ्याखाली चिरडतो. छोटी नायिका चिहिरो त्याचा कोळसा उचलायला जाते, पण तिला तो उचलवत नाही. मग कसाबसा पोटाशी धरून, पाय फाकवून, तोल सांभाळत ती एकेक पाऊल टाकते. पडद्यावर नुसते रंग आणि रेघा आहेत, पण भार आपल्या दंडात येतो. भाची सोफ्यावर पुढे सरकून बसली होती. मग बाकीचे गोळेही मुद्दाम अंगावर कोळसे पाडून घेतात, हिने आपलंही काम करावं म्हणून, तेव्हा भाची खदखदून हसली. सहा हातांचा म्हातारा, देवांचं स्नानगृह, यातलं काहीच तिला समजावून सांगावं लागलं नाही. कोळसा जड आहे एवढं पटलं, आणि बाकीचं सगळं त्यामागून पटत गेलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. जग कितीही अचाट रचा, पण तिथे पडलं तर लागलं पाहिजे. उचललं तर दमायला झालं पाहिजे. पुढे एका प्रसंगात स्नानगृहात चिखलाचा घाणेरडा ढीग येतो आणि चिहिरोला त्याच्या अंगात रुतलेलं काहीतरी हाताला लागतं. दोरी बांधून सगळे मिळून ओढतात, तर सायकल बाहेर निघते. मियाझाकींनी स्वतः एका नदीच्या सफाईत अशी सायकल बाहेर काढली होती. ते वाचल्यापासून मला तो प्रसंग अधिकच आवडतो. घाणीतून सायकल ओढताना किती जोर लागतो हे हाताला ठाऊक असलेल्या माणसाने ते काढलंय, आणि ते दिसतं.

हे फक्त हाताने काढलेल्या चित्रांचं कौतुक नाही. 2018 चा ‘स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स’ संगणकावरच झालाय. जंगलातून पळताना मुरलेला पीटर झोके घेत जातो आणि नवखा माइल्स धडपडत मागे. तिथे पीटरची हालचाल सेकंदाला 24 चित्रांची आहे आणि माइल्सची 12 चित्रांची, प्रत्येक चित्र दोन फ्रेम थांबतं. बघताना हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पोराला अजून आपलं अंग सावरता येत नाहीये, एवढंच पोहोचतं. तंत्र असं कामाला लावलेलं पाहिलं की मला फार आनंद होतो.

याउलट 2019 चा, संगणकावर नव्याने केलेला ‘द लायन किंग’. एकेक केस खरा, गवताचं पातंन्‌पातं खरं, पण चेहरे जागचे हलत नाहीत. 1994 च्या मूळ चित्रपटात सिंबा मेलेल्या बापाच्या पंजाखाली शिरून त्याला बिलगतो, ते मला आजही सहन होत नाही. नव्यात तोच प्रसंग मी कोरड्या डोळ्यांनी पाहिला. सिंह हुबेहूब सिंहासारखा दिसला म्हणजे तो खरा वाटतो, हा समज मला मुळातच चुकीचा वाटतो.

विज्ञानपटांतही तेच. कुब्रिकचा ‘2001: अ स्पेस ओडिसी’ 1968 चा, माणूस चंद्रावर उतरायच्या आदल्या वर्षीचा. यानातल्या कृत्रिम गुरुत्वासाठी त्यांनी 38 फूट व्यासाचं फिरणारं चाकच उभारलं. नट खाली धावतोय आणि अख्खा सेट त्याच्याभोवती फिरतोय. ती पावलं खरी आहेत. शिवाय बाहेरच्या अवकाशात स्फोटांचे धडाडधूम आवाज नाहीत. कधी संगीत, कधी नुसता श्वास ऐकू येतो, नाहीतर काहीच नाही. त्या शांततेची मला जितकी भीती वाटते तितकी कुठल्याही परग्रहवासी राक्षसाची वाटलेली नाही.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर माझ्यासाठी एकच, राही अनिल बर्वेंचा ‘तुंबाड’. विनायक दोराने विहिरीत उतरतो, पिठाचं रिंगण आखतो, कणकेची बाहुली टाकतो आणि हस्तर या शापित देवाच्या लंगोटातून जेवढी पडतील तेवढी नाणी उचलून जीव घेऊन वर चढतो. खजिन्यांचे डोंगर नाहीत, मुठीत मावतील एवढ्याच मोहरा. त्यांच्यासाठी केवढा घाम, केवढी ओल, केवढा कोंदट काळोख! हाव अंगमेहनतीची दाखवलीय म्हणून ती अंगावर येते. 2018 मध्ये तो आला तेव्हा थिएटरं रिकामी होती. 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा लोकांनी गर्दी केली, याचं मला मनापासून समाधान आहे. मराठी मातीतल्या अशा गोष्टी आणखी पडद्यावर याव्यात असं फार वाटतं.

जेवताना ताई म्हणाली, कार्टून दाखवतोस ते ठीक आहे, पण तिच्या वयाचं बघ. कार्टून या शब्दावर मी वाद घातला नाही, पण वयाचं तिचं बरोबर आहे. ‘तुंबाड’ला अजून बरीच वर्षं आहेत. पुढच्या रविवारी ‘माय नेबर टोटोरो’ लावणार आहे. त्यात बसथांब्यावर टोटोरो नावाचा भला मोठा रानातला प्राणी पहिल्यांदाच छत्री धरून उभा राहतो, थेंबांच्या टपटपीने हरखून जातो आणि जोरात उडी मारतो, तसं झाडांवरचं सगळं पाणी धो धो खाली कोसळतं. टीव्हीचा आवाज तेवढा मोठा ठेवायचाय. ताईलाही बसवणार आहे.