सुरीची किंमत एक पेनी

कोर्टात ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ मुद्देमालाच्या खोलीत. खुनातला कोयता असो की चोरीतली सायकल, प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, लाखेचं सील आणि वर्णनाच्या शेवटी ठरलेली अक्षरं: जु. वा. किं. अं. म्हणजे जुना वापरता, किंमत अंदाजे. रक्त वाळून काळी पडलेली सुरी समोर असली की नव्या पोरांचा हात इथे अडखळायचा. एकाने विचारलंच, "भाऊसाहेब, ही आता कोण विकत घेणार?" मी म्हटलं, "रकाना आहे ना? भर." खरं उत्तर मलाही ठाऊक नव्हतं.

ते निवृत्तीनंतर भेटलं, आणि भेटलं कुठे, तर इंग्लंडमधल्या बेडफर्डशर परगण्याच्या कॉरोनरांच्या, म्हणजे अचानक झालेल्या मरणांची चौकशी करून नोंद ठेवणाऱ्या राजाच्या अधिकाऱ्यांच्या, दप्तरात. मूळ दप्तर लॅटिनमध्ये, चर्मपत्रांवर, १२६५ नंतरच्या दहाबारा वर्षांचं. मी इंग्रजी भाषांतर वाचलं आणि पहिल्या पानावरच घरी आल्यासारखं वाटलं. मयत कोण, कुठे सापडला, कोणत्या दिवशी, आधी कोणी पाहिला, जखम कुठे, किती खोल. शेजारच्या चार घरांतली माणसं बोलावलेली, प्रत्येकाचे दोन-दोन जामीन लिहिलेले. आमच्या पंचनाम्याचा खापरपणजोबाच म्हणा. आणि हत्यारापुढे बारीकशी नोंद: सुरी, किंमत एक पेनी.

कॉरोनर हे पद ११९४ सालचं. राजा पहिला रिचर्ड कैदेतून नुकताच सुटून आला होता, खंडणी देता देता देश पिळून निघाला होता, आणि खजिन्याला पैसा हवा होता. त्यामुळे या माणसाचं काम 'खुनी शोधणे' असं कुणी समजू नये. राजाचं येणं कुठे बुडत नाही ना, हे त्याने पाहायचं. माणूस मेला की गावातल्या कुणाकडून काय वसूल होईल, याची तो नोंद ठेवायचा. काही वर्षांनी राजाचे फिरते न्यायाधीश यायचे आणि त्या नोंदी गावकऱ्यांच्या तोंडी जबाबांशी ताडून बघायचे. तफावत दिसली की दंड. कॉरोनर येण्याआधी प्रेत पुरलं, दंड. प्रेत पाहून आरडाओरडा केला नाही, दंड. उगाच केला, तरी दंड!

हा आरडाओरडा म्हणजे तिथलं पोलीस खातं. वेगळे शिपाई नव्हतेच. हाळी ऐकली की हातातलं काम टाकून सगळ्यांनी चोरामागे धावायचं. बारा वर्षांवरचा प्रत्येक साधारण पुरुष दहा-बारा जणांच्या टोळक्यात बांधलेला. एकाने गुन्हा केला आणि बाकीच्यांनी त्याला हजर केलं नाही, तर भुर्दंड सगळ्यांना. १२८५ च्या विंचेस्टरच्या कायद्याने तर बाजारगावांना जोडणाऱ्या हमरस्त्यांच्या दोन्ही बाजूंची २०० फुटांपर्यंतची झुडपं तोडायला लावली. दरोडेखोर दडून बसू नयेत म्हणून.

पण मी अडकलो त्या किमतीच्या रकान्यात. ज्या वस्तूमुळे माणूस मरतो ती 'देवाला वाहिलेली' आणि म्हणून राजाची, असा नियम. डिओडँड म्हणत तिला. सुरी, गाडी, घोडा, बैल, होडी, गिरणीचं चाक, काहीही. किमतीची जबाबदारी गावावर. या दप्तरात खुनांइतकीच साधी मरणंही आहेत: विहिरीत पडलेली, उकळत्या पाण्याच्या भांड्यात पडलेली लहान पोरं. आणि पोराच्या खाली त्या भांड्याची किंमत. वाचताना पेन खाली ठेवलं मी.

किंमत ठरवायचे मात्र गावातलेच लोक, आणि तिथेच खरी गंमत आहे. चोरीचा माल १२ पेन्सच्या वर गेला की फाशी. खाली राहिला तर चाबूक, खोडा, थोडे दिवस कैद. १२ पेन्स म्हणजे किती? १३५१ च्या मजुरीच्या कायद्यात वाळकं गवत गोळा करणाऱ्याला दिवसाला एक पेनी ठरवली होती. म्हणजे बारा दिवसांची मजुरी. एखादी मेंढीही साधारण याच आसपास जायची. आता ज्यूरीत बसलेले बारा जण चोराला ओळखणारे, त्याच्या बायकापोरांनाही. मग ती मेंढी अचानक स्वस्त व्हायची! किंमत १२ च्या जरा खालीच थांबायची. मी असे पंच पाहिलेत; सहीच्या वेळी खाकरायचे आणि आकडा पुटपुटायचे. एकदा तर मीच रागावलो होतो एकावर. आज वाटतं, उगाच रागावलो.

उलटा हिशोबही होता. गुन्हा सिद्ध झाला की फाशी तर होतीच, वर घरातलं सगळं किडूकमिडूक राजाकडे जमा. पण ज्यूरीपुढे चौकशी चालवायला आरोपीने स्वतः संमती द्यावी लागे. ती दिलीच नाही, तर खटलाच उभा राहात नसे. अशा हट्टी माणसांना १२७५ च्या कायद्याने 'कडक कैदेत' टाकायला सांगितलं. पुढे त्या कैदेची अंगावर वजनं रचण्यापर्यंत मजल गेली. एक दिवस शिळी भाकरी, दुसऱ्या दिवशी नुसतं पाणी. काही जण तसेच मेले, तोंड न उघडता. दोषी ठरलेच नाहीत, म्हणून सामान वारसांना राहिलं. छातीवर दगड घेऊन पडलेला माणूस घरातल्या गाईचा, भांड्यांचा हिशोब करतोय, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. ही शिक्षा १७७२ पर्यंत कायद्यात होती.

चर्चमध्ये पळून गेलेल्यालाही कॉरोनर सोडत नसे. तिथे ४० दिवस हात लावता येत नव्हता. तेवढ्यात त्याने कॉरोनरपुढे गुन्हा कबूल करून देश सोडायची शपथ घेतली की जीव वाचायचा. अनवाणी, हातात लाकडी क्रूस, ठरवून दिलेल्या बंदराकडे चालू लागायचं. जहाज मिळेना तर रोज गुडघाभर समुद्रात शिरून दाखवायचं, की जायची तयारी आहे. तो असा चालत असताना मागे त्याच्या घरात कॉरोनर यादी करत असायचा. वस्तू, संख्या, किंमत.

डिओडँड १८४६ पर्यंत टिकला. त्याच्या पाच वर्षं आधी सॉनिंगजवळ दरड कोसळून आगगाडीला अपघात झाला, माणसं गेली. तिथल्या ज्यूरीने इंजिन आणि डब्यांवर १,००० पौंडांचा डिओडँड ठोकला. त्या कारकुनाने इंजिनाला चिठ्ठी कुठे बांधली असेल?